माझा खांदा, तिची परीक्षा

३ जून, सोमवार
पलंगाला भोक पाडलंय आणि त्यात मला तोंड घालायला लावलं. वर विचारतात, आजी, बरं वाटतंय ना? फरशी तेवढी दिसते, आणि मास्तरणीच्या चपला. सूनबाईची अक्कल ही. म्हणे मसाजच्या कॉलेजात शिकाऊ पोरी खांदा चोळून देतात, शिकवणारी बाई डोक्यावर उभी असते. म्हणजे मी काय गिरवायची पाटी? उजवा हात छातीच्या वर जात नाही हे खरं, म्हणून काय झालं? माझ्या वाटणीला आलेल्या पोरीचे हात बर्फासारखे. तिचं नाव ठेवलं गारहाती. पुन्हा जाणार नाही. ठरलं.

१० जून
गेले. नंबर लावून ठेवला होता, वाया घालवणं मला जमत नाही. गारहाती दर दाबाला विचारते, दुखतंय का? मी म्हटलं, पोरी, तुझ्या जोराने मुंगीसुद्धा मरायची नाही. मास्तरीण म्हणाली, नुसत्या अंगठ्याने नको गं, अंगाचा भार टाक. टाकला. तेव्हा मी आई गं म्हणाले, पण ते तिला हुरूप यावा म्हणून.
शेवटी भिंतीला उभं करतात. हात जाईल तितका वर करायचा, बोट पोचेल तिथे पोरगी ठिपका चिकटवते. माझा लाल. वर एक काळी रेघ आहे, तिथे पोचलं की खांदा बरा.

८ जुलै
आता गरम पाण्याच्या पिशवीवर हात शेकून मगच मला हात लावते. वळण मीच लावलं. मी नसते तर ही पोर शिकली कशी असती? बोलते मात्र फार. आईशी पटत नाही, होस्टेलच्या खोलीत ऊन येत नाही. मला काय करायचंय? ऐकते आपली, भोकात तोंड घातल्यावर जाणार कुठे. घरी मला गोळी देतात तीही बोटाला बोट न लागता.
ठिपका चढतोय. मास्तरीण म्हणाली, आजी, रेघेला पोचलात की तुमची सुट्टी! जागा दुसऱ्या पेशंटला.
बघू.

२२ जुलै
ठिपका तिथेच. हवा दमट आहे.

२९ जुलै
ठिपका तिथेच. पलंग कलता होता बहुतेक.

२ ऑगस्ट, सकाळी
सूनबाई ओरडली, आई, हात वर गेला की तुमचा! मी वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढत होते. म्हटलं, डबा खाली आला, हात कुठे वर गेला? तर म्हणते, मग आता कॉलेज बंद करूया ना? मी खांदा धरून खाली बसले. दुखायला लागलाच होता. तिच्या ओरडण्याने.

१९ ऑगस्ट
पोरींची परीक्षा आली. बाहेरचा परीक्षक. आपला पेशंट किती सुधारला ते त्याला दाखवायचं, त्यावर पास-नापास. मास्तरीण माझ्या देखत तिला म्हणाली, आजींना घेऊ नकोस, अडकशील. पलीकडच्या पलंगावरच्या त्या ड्रायव्हर पेशंटची कंबर घे. पोरगी हट्टी. म्हणाली, मॅडम, माझ्या हाताला कळतंय, खांदा मोकळा झालाय. आजींचा हात जाणार वर.
पास झाली की दुसऱ्या गावी नोकरी ठरलीय तिची. नापास झाली तर अजून सहा महिने इथेच.
परीक्षेला हात वर करणार. पार रेघेपर्यंत. लिहून ठेवते. मी शब्दाची पक्की आहे.

२६ ऑगस्ट
हात गेला नाही.
परीक्षक नुसता म्हणाला, हं, वर. ही काय बोलायची रीत झाली? अशा माणसापुढे कोणाचा हात उठेल? मग पोरीने सांगितलं, आजी, करा ना. आवाज बारीक झालेला. केला. लाल ठिपक्यापर्यंत.
नापास. होतात माणसं नापास. मी शाळेत गेले किती दिवस? काय अडलं? पुन्हा देईल. मला घेऊनच देईल, दुसरं कोण आहे तिला? सोमवार मोकळे ठेवलेत.

२ सप्टेंबर
पलंगाशी भलतीच पोर. मास्तरीण म्हणाली, ती आता त्या ड्रायव्हरला बघते. आणि मसाजने तुम्हाला गुण येत नाही, सर्जनला दाखवा असं परीक्षक सांगून गेलेत. मी म्हटलं, तिला कळलं तर ती तुमच्याशी भांडेल. मास्तरीण म्हणाली, आजी, तिनेच बदलून मागितलं.
खोटं.
हॉलच्या त्या टोकाला ती पलंगावर चादर घालत होती. मी हाक मारली. ऐकू गेली नाही म्हणून हात केला. उजवा. पार डोक्याच्या वर नेऊन चांगला हलवला.
तिने पाहिलं. माझ्याकडे नाही, हाताकडे. मग चादरीचे कोपरे खोचायला लागली.

त्या पोरीचा फोन आला तर मी घरात नाही. मला तिथे सूनबाईने धाडलं होतं. जे काही विचारेल, त्याचं उत्तर सूनबाईनेच द्यायचं.