वाकण्यास मनाई

प्रिय ताई,

वाकून नमस्कार लिहिणार होतो. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आहे, तेव्हा हा ताठ उभ्यानेच घे. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? तुझी भावजय तुझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले. तिला खुशाल राहू दे. माझं उत्तम चाललं आहे.

उत्तम म्हणजे असं. काचबिंदूवाले म्हणतात, मान खाली घालून बसू नका. हे शिंप्याला सांगतात. मी शिलाई मशीन विटांवर चढवलं, तर पायाखालचं पॅडलही वर गेलं. मग स्टुलावर दोन उशा घेऊन बसलो आणि मान होती तिथेच आली. झोपेचे डॉक्टर म्हणतात, उताणे झोपू नका, श्वास अडकतो. म्हणून बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू घातला (दुहेरी शिलाई, कोणी बघणार नाही म्हणून काय झालं). डोळेवाले म्हणतात, उजवी कूस नको, तो डोळा जास्त बिघडलाय. उरली डावी. तिकडून झोपेच्या डॉक्टरांनी दिलेल्या श्वासाच्या यंत्राची नळी येते. दोघांना म्हटलं, एकदा एकमेकांशी बोला. दोघेही हसले. माझं वजन जास्त आहे, एवढ्यावर मात्र त्यांचं एकमत.

गळ्याशी घट्ट काही नको, डोळ्यांवर दाब येतो, असंही सांगितलं. ते मनात इतकं बसलं की वकिलांच्या सहा सदऱ्यांच्या कॉलर मी पाऊण इंच सैल कापल्या. वकील आरशासमोर उभे राहून म्हणाले, ‘मास्तर, यात माझा अशीलसुद्धा मावेल!’ मी म्हटलं, ‘डोळ्यांना बरं असतं.’ ‘माझे डोळे ठणठणीत आहेत. म्हणून तर दिसतंय!’ सहाही सदरे परत.

यंत्राचा गुण आहे, नाही कशाला म्हणू? माझा श्वास अडकला की तुझी भावजय वीस वर्षं कोपर मारत आली. आता ते काम यंत्र करतं. म्हणूनच तर ती म्हणाली, ‘चार दिवस ताईंकडे जाऊन झोप काढून येते.’ योग्यच आहे. माझी तक्रार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. डोळ्यांत थेंब तीच घालायची. मी घालतो तेव्हा पहिला भुवईवर, दुसरा गालावर, तिसरा कानात जातो. परवा डॉक्टरांनी तपासलं, तर डोळ्यांचा दाब वाढलेला निघाला. ‘थेंब रोज घालता ना?’ म्हटलं, रोज. (कुठे, ते त्यांनी विचारलं नाही.) असाच वाढत राहिला तर कडेची नजर जाईल आणि गेलेली परत येत नाही, म्हणाले.

ता. क. २. तिला पाठव. मी बोलावलं म्हणू नकोस. सहा कॉलर उसवायच्या आहेत, म्हण.

ता. क. ३. पलंग फिरवून घेतला आहे; नळी आता डोक्याकडून येते. डाव्या अंगाला तिची जागा मोकळी आहे. उजवीकडे वळायची मला मनाई. तेव्हा भांडण झालं तरी तिच्याकडे पाठ करता येणार नाही, हेही सांग.