वैयक्तिक कारणास्तव

जठारपेठ, अकोला

प्रिय दामिनी,

'प्रिय' लिहावं की नाही, यावरून दोन कागद फाडले. शेवटी लिहिलं. सवय आहे, दुसरं काय! तू बढतीवर अमरावतीला गेलीस हे मला तिसऱ्याकडून कळलं. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता त्याचं काही वाटत नाही, कारण वाईट वाटायला त्याहून मोठी गोष्ट सापडली आहे.

गेल्या आठवड्यात आपल्या जुन्या नगर परिषदेतून मला नोटीस आली. तिथल्या धम्मदीप नावाच्या शिक्षकानं माहितीच्या अधिकारात विचारलंय, की पाच वर्षांत किती कर्मचारी मुदतीआधी नोकरी सोडून गेले, का गेले आणि त्यांच्या जाण्याचा गावाला काय भुर्दंड पडला. त्यात माझी फाईल आहे. ती दाखवायला माझी हरकत आहे का, ते दहा दिवसांत कळवा म्हणे. नोटिशीत माझा उल्लेख 'त्रयस्थ व्यक्ती' असा आहे. बावीस वर्षं तिथं नोकरी केली ग मी, आणि माझ्याच फाईलीत मी त्रयस्थ!

तुला आठवत असेलच. पाणी तपासणीच्या नोंदवहीत मी गावाच्या टाकीच्या पाण्याचे नमुने 'पिण्यास अयोग्य' असे लिहिले होते आणि साहेबांना ते 'योग्य' करून हवे होते. मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी तू घरी आलीस. आस्थापना विभाग तुझ्याकडे, त्यामुळे आतलं सगळं तुला ठाऊक. "तुले काहून एवढी कटकट पाह्यजे, नीलम? चौकशी लावून राहिले तुह्यावर. स्वेच्छानिवृत्ती घे अन् सुखानं राह्य," म्हणालीस. अर्ज तू सांगितलास, मी लिहिला. 'वैयक्तिक कारणास्तव.' त्याच्याबरोबर ते हमीपत्र, की कार्यालयातलं काहीही बाहेर बोलणार नाही. सही करताना तू पाठीवर हात ठेवलास. मला वाटलं, कुणी नसलं तरी दामिनी आहे.

मी तोंड शिवलं. त्या उन्हाळ्यात टाकीखालच्या वस्तीत कावीळ पसरली, तेव्हाही गप्प बसले. माझ्या जागी ठेक्यावर आता तिसरा माणूस आहे म्हणतात, आणि प्रत्येकाला नमुना कसा घ्यायचा इथपासून शिकवावं लागतं. त्या गप्प बसण्याचं पाप माझंही आहे, ते तुझ्या एकटीच्या माथी मारत नाही.

पण हरकत कशावर घ्यायची ते वाचायला तरी हवं, म्हणून मंगळवारी एसटीनं गेले आणि फाईल मागितली. माझ्या अर्जाच्या वर एक गोपनीय अहवाल लावलेला होता. अक्षर तुझं. तारीख, तू माझ्या घरी आलीस त्याच्या आदल्या दिवसाची. 'सदर कर्मचारी पतीच्या निधनानंतर मनोविकारतज्ज्ञाकडे उपचार घेत असून त्यांच्या नोंदींवर विसंबता येत नाही.'

दामिनी, त्या गोळ्यांचं मी एकाच माणसाला सांगितलं होतं. अकोटहून आपण एकाच एसटीनं ऑफिसला जायचो. तुझ्या डब्यातली पातोडी मी खायची, माझी जवसाची चटणी तू. त्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी सांगितलं आणि तू गळ्याची शपथ घेतलीस. पोटच्या अमोललाही मी सांगितलं नव्हतं. केसानं गळा कापणं हा वाक्प्रचार शाळेत पाठ केला होता, अर्थ त्या टेबलाशी कळला. ज्या हातानं माझी पाठ थोपटलीस, त्यानं आदल्या दिवशीच मला वेडी ठरवून ठेवलं होतं.

साहेबांचाही फोन येऊन गेला. "तुमच्याच अब्रूचा प्रश्न आहे मॅडम, हरकत घेऊन टाका." खोटं नाही ते. फाईल उघडली तर माझ्या नोंदींमुळेच मला घालवलं हे कळेल आणि मी कुठल्या डॉक्टरकडे जात होते तेही कळेल. हात दाखवून अवलक्षण, असं म्हणायला लोक आहेतच. चार दिवस घोळवत बसले. मग काल जेवताना अमोलला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "आई, तुह्या गोळ्या मी कवाच पाह्यल्या होत्या. तूच सांगशील म्हणून थांबून राहिलो होतो."

आज सकाळी स्पीड पोस्टनं उत्तर पाठवलं. माझी हरकत नाही, सगळी पानं द्यावीत. त्यात तुझं पानही जाईल. तुझी बढती टिकेल की नाही मला माहीत नाही, आणि खोटं कशाला बोलू, टिकू नये असंच वाटतं. मग हे पत्र कशाला? मला तुझी माफी नको, खुलासाही नको. फक्त तुझ्याबद्दल कागदावर काय गेलंय, हे तुला परक्या टेबलावर, परक्या माणसासमोर वाचावं लागू नये, म्हणून. मी तसं वाचलं. फार लागतं ग.

एकेकाळची तुझीच,
नीलम