माईक धाकट्याला, तंबू इसहाकला

प्रथम तक्रार, कारण मेलेल्या माणसाची तक्रार कोणी नोंदवून घेत नाही. गेले दोन महिने या घरात मला कोमट चहा दिला जातो. गरम चहाने घशातली गाठ चिडते असे डॉक्टर म्हणाले, आणि माझी पत्नी सरलाबाई हिने डॉक्टरांचे आजवर ऐकलेले हे एकच वाक्य आहे. कोमट चहावर माणूस जगतो की नाही याबद्दल वैद्यांत मतभेद असतील. जगावेसे वाटत नाही, एवढे मी अनुभवाने लिहून ठेवतो.

आता कायद्याचे. मी, भाईदास मोतीराम चौधरी, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा फिरता सिनेमा, राहणार शहादे, जिल्हा धुळे, असे जाहीर करतो की हे मृत्युपत्र लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे, नशापाणी केलेले नाही आणि मला कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. भीती वाटते आहे, पण ती कोणी घातलेली नाही. ती संपूर्ण स्वकष्टार्जित आहे. उद्या नंदुरबारहून सुरतेची गाडी, आणि मंगळवारी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात माझा गळा उघडणार. डॉक्टर म्हणाले, "गाठ निघेल. आवाज राहील की नाही, आणि..." इथे ते थांबले. योग्य जागी थांबण्यावरच मी पोट भरले आहे. कुठल्या थांबण्यामागे काय उभे असते ते मला कळते.

कलम १. शहाद्याचे घर, तापीकाठची केळीची जमीन आणि पोस्टातली शिल्लक सरलाबाईची. तिने ती कोणालाही द्यावी, फक्त भावकीला सल्ला विचारू नये. भावकी सल्ला फुकट देते आणि मग त्याची वसुली करते.

कलम २. लोखंडी खुर्ची, एक पाय वाकडा, ही कचेरीतल्या त्या साहेबांना द्यावी जे माझ्या प्रत्येक खेळाला सहकुटुंब, सपरिवार, विनातिकीट आले. पाय मी मुद्दामच सरळ केला नाही.

कलम ३. तंबू, खांब, कनाती, चित्र दाखवायचे मशीन आणि इंजिन इसहाक गावित याचे. इसहाक नवापूरकडचा, माझा मशीनवाला. त्याने माझ्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना ठेवली आहे. सरलाबाईने सारंगखेड्याच्या दत्ताला नवस केला आहे. दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज गेल्यामुळे दोघेही एकमेकांवर ढकलतील, अशी मला धास्ती आहे.

कलम ४. माईक आणि भोंगा. हे कलम लांबणार.

ज्यांनी आमचा तंबू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चित्र हिंदी असते. समोर जमिनीवर बसणाऱ्यांना हिंदी फारसे कळत नाही. म्हणून पडद्याशेजारी माईक घेऊन मी उभा राहतो आणि चित्र चालू असतानाच गोष्ट अहिराणीत सांगतो. बाई रडली की का रडली, गाडी सुटली की कुठे निघाली, हे मी सांगेन तेच.

माझा धाकटा भाऊ चुनीलाल मुंबईला जाऊन सिनेमाच्या गोष्टी लिहू लागला. त्याचा हट्ट असा की मोठ्या चित्राला कोरी गोष्ट हवी, उसनी चालणार नाही. त्याने तशी लिहिली. तिच्यातली बाई टेलिफोन कचेरीत काम करते, कोणाची बहीण नाही, कोणाची सून नाही, आणि शेवटी एकटीच आगगाडीत बसून निघून जाते. कुठे, ते त्यालाही माहीत नाही. शहरांत हे चित्र आपटले. मग तो चित्राच्या रिळांच्या पेट्या घेऊन मागल्या वर्षीच्या सारंगखेड्याच्या यात्रेत माझ्याकडे आला.

पहिल्या खेळाला मी त्याने लिहिले तसेच सांगितले. अर्धा तंबू मध्येच उठून घोडेबाजार बघायला गेला. दुसऱ्या खेळाला मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "सात भाऊ व्हतात, आनी एकच बहीन." लोक बसले ते बसलेच. भावजयांनी बहिणीला घराबाहेर काढले, भाऊ शोधायला निघाले. पडद्यावर पुरुष चारच होते: साहेब, वकील, डॉक्टर आणि एक मिशीवाला गुंड. चौघांनाही मी भाऊ केले. मध्येच साहेब बाईबरोबर बागेत गाऊ लागला, तेव्हा घाईघाईने त्याला भाऊपणातून काढून जावई केला. उरलेले भाऊ रानात बैल चारायला गेलेत आणि सकाळपासून उपाशी आहेत, असे सांगून टाकले. शेवटची गाडी मी सरळ माहेरी नेली. तंबूत शिट्ट्या वाजल्या.

खेळ सुटल्यावर धडगावकडची सोमीबाई फडक्यात भाकरी बांधून कनातीशी आली. "त्या रानमातला भुक्या व्हतीन. त्यास्ले पोचाडी द्या." ती इसहाकच्या हातात गाठोडे देईपर्यंत हलली नाही.

यात्रा उठेपर्यंत तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती. चुनीलाल मात्र आपल्या गोष्टीवरून पेटला होता.

"दादा, तू मन्ही गोट मारी टाकी!"

"मारी नही, जगाडी. कनातना भाईर देख, लोके उभा शेतस."

"त्या मन्ही गोट देखाले नही उनात."

"मंग तुन्ही गोट उनी कुठून?"

"मन्हा डोकामाईन."

"मंग तुन्हा डोकालेच दखाड!"

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. माझे म्हणणे मी बदललेले नाही आणि मरणाच्या भीतीने बदलणारही नाही. तंबू भरतो तो जुन्या गोष्टीवर. मात्र त्याचे कारण मला आत्ता, या गाठीपायी कळले. रानात वाघ, घरी तगादा, पोराला ताप, असे सोडून आलेल्या माणसाला पुढे काय होणार हे ठाऊक असलेली दोन घटका हवी असतात. तेवढ्यासाठी तो तिकीट काढतो. भ्यालेल्या माणसाला कोरी गोष्ट सोसत नाही. मलाही सोसत नाही. मी रोज पहाटे उठून बसतो आणि माझी गोष्ट कुठल्या जुन्या गोष्टीत बसेल ते शोधतो. सापडत नाही. तोंडावर औषधाचे फडके ठेवतात म्हणे, आणि आकडे मोजायला लावतात. त्यापुढचे सांगायला कोणीच माईक धरून उभे नसते.

म्हणून माईक आणि भोंगा चुनीलालला. त्याने नवी सांगावी, जुनी सांगावी. अट एकच: पडदा चालू असताना अंधारात लोकांना एकटे सोडू नये.

एवढे लिहिले आणि चुनीलाल दारात. सरलाबाईने मला न विचारता त्याला निरोप धाडला होता. त्याने उभ्यानेच कलम चार वाचले.

"इतला भेवाडेल शेस का तू?"

"शे."

तो माझ्या खाटेवर बसला आणि म्हणाला, "एक गोट सांगू? एक भाऊ व्हता. त्याना गळामा गाठ व्हती."

"हाई माले माहित शे. जुनी सांग."

"जुनी माले येत नही. ऐक. त्याना धाकला भाऊ त्यानासंगे सुरतनी गाडीमा बसना. खिडकीनी जागा त्यानी मोठा भाऊले दिधी. दोन्ही मुंबईले गयात."

"मंग?"

"मंग धाकला दवाखानाना दारशी बसी ऱ्हायना."

"आनी मोठा?"

"ते आजून लिखेल नही, दादा."

सरलाबाई आत भांडी आपटत होती, म्हणजे रडत होती. अक्षर वाकडे दिसल्यास कोर्टाने ते वय समजू नये. शेवट नसलेली गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदाच उठून न जाता ऐकली.

आमच्या धंद्यात गोष्ट फुकट ऐकत नाहीत. जमिनीवरच्या तिकिटाचे चार आणे मी उशीखालून काढून चुनीलालच्या हातावर ठेवले. त्याने ते मोजून खिशात टाकले. त्या खात्यावर आता माझ्याकडे कोणाचे काही येणे नाही.

हे मी स्वहस्ते लिहिले व खालील दोघांच्या देखत सही केली.

भाईदास मोतीराम चौधरी

साक्षीदार:
१. गिरधर पुंजू पाटील, शेजारी
२. सुरुपसिंग वळवी, तंबूच्या दारावरचा

मुक्काम शहादे, तारीख १० फेब्रुवारी १९६२