लाकडी वाघाची मानकरीण

मॉसन लेक्स, ॲडलेड
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

प्रिय नीलू,

दसऱ्याचे खूप खूप आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. नचिकेत आणि सूनबाई आपापल्या कामात, आणि तुझी ही बहीण चक्क चिनी वाद्यवृंदात! हस, पोटभर हस. शाळेच्या समूहगीतात जिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, तीच ही.

रविवारी इथे कन्फ्यूशियसच्या जयंतीचा सोहळा होता. जुन्या दरबारी थाटाचा, ऐंशी वादक. काशाच्या घंटांच्या रांगा, टांगलेल्या दगडी पाट्या. अगं, दगडसुद्धा सुरात वाजतात! आणि एका बाजूला लाकडी वाघ. वादन संपलं की बांबूच्या कुंच्याने त्याच्या डोक्यावर तीन फटके मारायचे आणि पाठीवरचे दाते खर्रकन खरवडायचे, अशी त्यांची रीत. वाघवाले गृहस्थ आजारी पडले, म्हणून शेजारच्या मिसेस लिननी मला पकडलं. मी म्हटलं, मला तालाचा गंध नाही.

"नो वरीज, श्यामला. यू ओन्ली हॅव टू स्टॉप अस."

"आजी, दॅट्स सो यू!" नात अनन्या टाळी वाजवून म्हणाली. सगळ्यांबरोबर मीही हसले. पण घरी आल्यावर चहा गोड लागेना.

तालमीत दोनदा घाई केली. मिसेस लिननी माझा हात धरून ठेवला. शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत ऐकायचं, म्हणाल्या. मी कधी कुणाचं शेवटपर्यंत ऐकलंय?

रविवारी ऐकलं. घंटेची आस संपली, सभागृहात टाचणी पडली तरी कळेल इतकं शांत झालं, आणि मग मी वाघाला हाणलं. लोक उठून टाळ्या वाजवत होते नि मी वेड्यासारखी रडत हसत होते. फार आनंद झाला गं.

तुझ्या साठीला तुझा तराणा ऐन रंगात होता आणि मी माइक घेऊन म्हणाले, "पानं वाढलीत, चला!" लोक हसत उठले. तू तानपुरा खाली ठेवलास. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगतेय, जेवण गार होत होतं. नव्हतं होत. सगळे तुझ्याकडे बघत होते, ते मला बघवलं नाही. मी जळले, नीलू. मला माफ कर.

माझे फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. दिवाळीच्या पाडव्याला तुझ्या सकाळी आठ वाजता फोन करीन. एवढा एक उचल. काही बोलू नकोस, तराणा पहिल्यापासून गा.

तू थांबेपर्यंत चकार शब्द न काढणारी,
तुझी श्यामलाताई