डाव्या कर्ण्यावर टेकलेली तुळई

॥ श्री बनशंकरी प्रसन्न ॥

मी तम्मण्णा गुरुपाद कामकर, वय एकोणपन्नास, धंदा यंत्रमागाच्या मोटरी दुरुस्त करणे, राहणार वडगाव, बेळगाव, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कसलाही आजार नाही. डोके ठिकाणावर आहे आणि कोणी समोर बसून शब्द सुचवत नाही. कचेरीबाहेरचा लेखनिक कन्नडमध्ये टाईप करून देतो म्हणत होता. पण माझी शाळा संकेश्वरजवळ आजोळी मराठीत झाली, आणि हे ज्यांनी वाचायचे आहे त्यांच्याशी मी आयुष्यभर मराठीतच बोललो आणि भांडलो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. उद्या रविवारी सकाळी घरातले एक काम करायचे आहे. ते देवीच्या कृपेने नीट झाले तर हा कागद कपाटात पडून राहील.

१. घराचा माझ्या वाटणीचा निम्मा भाग, म्हणजे रस्त्याकडच्या दोन खोल्या, न्हाणी आणि मागची ऐकायची खोली, माझी पत्नी सौ. पूर्णिमा हिला मिळावा. पतसंस्थेतली ठेवही तिचीच. आम्हाला मूल नाही. तिने कुठे राहावे हे तिला कोणी शिकवू नये. निपाणीला माहेरी जा म्हणणारे पुष्कळ निघतील, त्यांना तिने चहा पाजून वाटेला लावावे.

२. मोटरीची हत्यारे माझ्या हाताखाली काम करणाऱ्या भावकूला द्यावीत. माझा मीटर त्याने मागे नेला तो परत केला नाही. नुसता मीटर घेऊन तो काय करणार, म्हणून बाकीचेही त्यालाच.

३. मागच्या खोलीतले दोन मोठे कर्णे, त्यांच्या खालच्या पेट्या आणि काचेच्या दिव्यांचा (व्हॉल्व्हचा) जुना अँप्लिफायर यांविषयी सविस्तर लिहितो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्यांवर अवलंबून आहेत.

हे कर्णे निपाणीच्या बंद पडलेल्या थिएटरातले. तिथले ऑपरेटर मारुतीराव यांनी ते भंगारात जाऊ नयेत म्हणून मला दिले. एकेक पेटी पुरुषभर उंच, वर लाकडी कर्णा. टेंपोतून उतरवताना आमच्या अव्वाने, म्हणजे माझी आई यल्लव्वा हिने, दारातूनच विचारले, “आरं, ह्यात काय हत्ती ठेवणार हाईस व्हय?”

आमचे माग विकल्यावर मागची लांब खोली रिकामी होती. तिथे मी ते लावले. खालची पेटी कोपऱ्यातच तिरकी बसवावी लागते. तिचे तोंड संपते तिथे आवाजाची वाट संपत नाही, कोपऱ्याच्या दोन्ही भिंती तोच कर्णा पुढे रुंद करत नेतात. वरच्या कर्ण्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या कानाकडे रोखलेला हवा. दोन्ही कर्ण्यांच्या मधोमधून मी ताण्याचा एकेक दोरा काढला आणि माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला दोन्ही सारख्या ताणाने बांधले. ते जिथे मिळतात त्याच्या किंचित पुढे डोके ठेवले की गाणारी बाई दोन पेट्यांच्या मधे, हवेत उभी राहते. तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मी ते दोरे काढलेच नाहीत. पूर्णिमा म्हणायची, “माग इकलासा, पण तुमी अजून मागातच बसताय की वो.” सकाळची पूजा झाली की मी तिथे अर्धा तास बसायचो. माझ्या दृष्टीने तीही पूजाच होती.

खोली फार घुमायची, म्हणून मी भिंतींना वाकळा आणि वर छताला गोणपाट ठोकले. घुमणे थांबले. त्यामागची भिंत आणि तुळई मात्र त्या दिवसापासून कोणी पाहिली नाही.

डाव्या कोपऱ्यात फरशीखाली आमच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, हातमागाचा खड्डा आहे. त्यात पाय सोडून आप्पा विणायचे. पुढे यंत्रमाग आले तेव्हा त्यांनी खड्डा मातीने भरू दिला नाही. “ज्या खड्ड्यानं खायाला घातलं त्येच्या तोंडात माती घालायची न्हाय,” एवढेच बोलले. वर फळ्या टाकून फरशी बसवली. डावी पेटी मी नेमकी त्याच्यावर ठेवली. खालच्या पोकळीमुळे खर्जाला अशी खोली आली की शहापूरहून मंडळी ऐकायला यायची. जागा अचूक साधली म्हणून मला अभिमान होता.

गेल्या पावसाळ्यानंतर डावीकडचा दोरा तुटू लागला. तुटलेला दोरा दिसला की विणकराचा हात विचार करत नाही, गाठ मारून मोकळा होतो. मीही हाताला येईल तो तुकडा जोडून सांधत गेलो. उंदीर असेल म्हटले. गाणारी बाई मधून सरकून उजवीकडे उभी राहू लागली, तेव्हा अँप्लिफायरचे दिवे बदलले. डाव्या दोऱ्यात हिरवे, तांबडे, पांढरे तुकडे वाढत होते, म्हणजे पेटी मागे मागे कलत होती. रोज त्या दोऱ्याशेजारी बसूनही मला ते कळले नाही.

कळले ते पूर्णिमेला. ती पेटीवरची धूळ पुसत होती. वरचा कर्णा आणि छत यांच्यात पूर्वी हात सहज जायचा. तिने मला हाक मारली, “आवो, हिकडं या. फडकं अडकलंय, निघंना झालंय.”

गोणपाट फाडून पाहिले. दोन वाटण्यांच्या मधली भिंत खचली आहे. तिच्यावर टेकलेली तुळई तिच्याबरोबर खाली आली आहे आणि माझ्या डाव्या कर्ण्यावर टेकली आहे. गवंडी यल्लाप्पा आला. त्याने कडेची एक फरशी उचलून पहार घातली, ती वजनानेच आत गेली. पहार ओढून घेत तो म्हणाला, “गटारीचं पाणी खड्ड्यात मुरलंय अण्णा. पाया खाल्लाय. आता छप्पर तुमच्या भोंग्यावर हाय, आन भोंगा देवाच्या भरवशावर.”

ती तुळई माझ्या घरात संपत नाही. भिंतीतून पलीकडे माझा धाकटा भाऊ सिद्धेश याच्या खोलीवर जाते. तिच्याखाली अव्वा झोपते.

४. सिद्धेशविषयी. वाटणीनंतर आमचे बोलणे कमी होत गेले ते या कर्ण्यांमुळे, हे मला मान्य आहे. त्याला त्याच्या भागावर मजला चढवायचा आहे. सोमवारी त्याचा कंत्राटदार भिंतीचा माथा फोडायला येणार आहे. मी दोनदा सांगायला गेलो. पहिल्या वेळी त्याने अर्ध्यातच हात वर करून मला थांबवले.

“अण्णा, मजला झाला की तुझं गाणं बिघडंल, म्हणून ही भीती घालतोयस.”

“एकदा येऊन बघ तरी.”

“बघायला तिकीट हाय काय? सगळं शहापूर येऊन बघून गेलं, मला कुणी कधी बोलीवलं?”

मी परत आलो. दुसऱ्या वेळी मी अव्वालाच चार दिवस आमच्याकडे पुढच्या खोलीत ये म्हणालो. ती म्हणाली, “तुझ्याकडं आले तर त्यो म्हणणार, आई थोरल्याच्या बाजूची झाली. मला न्हाय जमत. पडलं तर पडू दे, तुझ्या भोंग्यापेक्षा मी जुनी हाय.” सिद्धेश दारात उभा राहून हे ऐकत होता. तो हसला. मीही हसलो.

५. उद्या करायचे काम असे. तुळईला लोखंडी टेकू लावायचे आहेत. एक पेटीच्या पुढे, तो यल्लाप्पा लावेल. दुसरा पेटीच्या मागे, कोपऱ्यातल्या तिकोनी सांदीत, भिंतीला लागून. तो लागल्याशिवाय तुळईचा भार पेटीवरून उतरत नाही. त्या सांदीत उतरायला बारीक अंगाचा माणूस लागतो. यल्लाप्पा म्हणाला, “म्या गेलो असतो अण्णा, पण प्वाट आडवं येतंय. आन खरं सांगू, प्वाट नसतं तरी गेलो नसतो.” तो खरे बोलला, म्हणून त्याचा मला राग नाही. कर्णे मी आणले, त्या जागी मी बसवले. सांदीत मीच उतरणार आहे.

सोमवारपर्यंत थांबता येत नाही. आज सायंकाळी अँप्लिफायर बंद असताना मी पेटीला कान लावला. आत बारीक माती गळत असल्यासारखा आवाज येत होता.

६. दोन्ही कर्णे, जर शाबूत निघाले, तर सिद्धेशला द्यावेत. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. लहानपणी आम्ही अंथरुणात पडून गल्लीतले माग आवाजावरून ओळखायचो, त्यात तो कधी चुकला नाही. माझ्यापेक्षा त्याचे कान चांगले. पहिल्याच दिवशी मी त्याला त्या खुर्चीत बसवायला हवे होते. त्याला नको असतील तर त्याने विकावेत, पण जोडी फोडू नये. ठेवणार असेल तर नव्या, भरीव जमिनीवर ठेवावेत. खर्ज थोडा कमी येईल, येऊ दे.

७. हे शेवटचे कलम सर्वांनी आजच वाचावे, माझ्या मरणाची वाट पाहू नये. मी सांदीत असताना काही खाली आले, तर माणसे पहिल्यांदा पेटीला हात घालतील, कारण मी तिच्यामागे असेन आणि कदाचित ओरडत असेन. पेटी ओढू नये. ती हलली की तुळई पलीकडून सुटेल. पूर्णिमा रडेल, तिला धरून ठेवावे, पण तिचे ऐकू नये. मी स्वतः “ओढा” म्हणालो तरी माझेही ऐकू नये. आत्ता जे लिहीत आहे तेच माझ्या शुद्धीतले बोलणे समजावे. आधी अव्वाला बाहेर काढावे. मग टेकू. मग मी.

वरील सर्व मजकूर मी लिहून, पुन्हा वाचून, दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण : वडगाव, बेळगाव
शनिवार, दि. ७ फेब्रुवारी २०२६

(सही) तम्मण्णा गुरुपाद कामकर

साक्षीदार :
१. (सही) मारुतीराव, निवृत्त ऑपरेटर, निपाणी
२. (सही) यल्लाप्पा, गवंडी, वडगाव

साक्षीदार क्र. १ यांच्या हातचे : कलम चार ते सात आज रात्री श्री. सिद्धेश यांना त्यांच्या दारात वाचून दाखवले. माहितीदाखल सही करा म्हटले, तर त्यांनी केली नाही. “सही कशाला पायजे,” एवढेच म्हणाले. नंतर तम्मण्णा आईची खाट एका टोकाने उचलून बाहेर ओढू लागले, तेव्हा दुसरे टोक सिद्धेश यांनी धरले.