उजवा गुडघा

प्रिय ऋतुजा,

बक्षिसाची समई वाईपर्यंत नीट पोचली ना? माथ्यावरचा हंस काढून वेगळा गुंडाळा, असं नाचियारकोविलच्या ओतारी मामांनी सांगितलं होतं. तुमच्या मुलींनी ऐकलं असेल की नाही, याची मला शंका आहे. मी दिव्यश्री, चोळपुरमची. पोंगलच्या कबड्डी स्पर्धेत तुम्ही ज्या शाळेत उतरला होतात, तिथे ताकाची बादली घेऊन येणारी चष्मेवाली. तीन दिवस तू मला तमिळ मुलगी समजलीस. समजलीस की नाही, हाच तर प्रश्न आहे, पण तो पुढे विचारीन. तुझा नंबर माझ्याकडे नाही. बॅनरवर तुमच्या मंडळाचा पत्ता होता, त्यावरच पाठवते आहे.

आमच्या घरात मराठी बोलतात. तंजावरच्या राजांच्या काळात आम्ही इकडे आलो. कोणत्या कामावर आलो ते अप्पांनाही ठाऊक नाही. अप्पा कुंभकोणमच्या बाजारात विड्याची पानं विकतात. उंबऱ्याबाहेर पाय पडला की आम्ही सगळे तमिळ. घरात पदवी घेतलेली मी पहिली, म्हणून कागद-अर्ज सगळे माझ्याकडे येतात, पण मराठी लिहायचं काम कधी आलं नव्हतं. लिहायची मराठी मी जुनी मासिकं वाचून शिकले. बोलण्याची मात्र आजीच्या आजीची आहे. कॉलेजात असताना तंजावरच्या देवळात मी पुण्याच्या काही बायकांना वाट सांगितली. त्या इतक्या हसल्या, की एकीनं मला पुन्हा बोलायला लावून मोबाईलवर घेतलं. तेव्हापासून अनोळखी मराठी माणसापुढे माझी जीभ आत जाते.

आणि मी चोळपुरमच्या संघाची वेडी आहे. मला स्वतःला खेळता येत नाही. चष्मा काढला की मध्यरेषाच दिसत नाही. पण कप्तान हरिणी शाळेत माझ्या बाकावर बसायची, आणि तिच्या पहिल्या सामन्यापासून मी मैदानाच्या दोरीला धरून उभी असते. दर पोंगलला मडक्यातलं दूध उतू गेलं की घरचे पीक मागतात, आरोग्य मागतात. मी समई मागते. आमच्या वाचनालयात तिच्यासाठी चौथराही बांधून ठेवलाय. दोन वर्षं अंतिम सामना हरलो, त्यामुळे त्यावर सध्या सायकलचा पंप असतो. मे महिन्यात हरिणीचं लग्न आहे, नवरा कोईमतूरचा. म्हणजे हा तिचा आमच्याकडून शेवटचा पोंगल.

भोगीच्या सकाळी आमच्या गुरुमूर्ती मास्तरांनी मला कॉफी पाजली. त्यांच्याकडे प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींनाही ते पाणी विकत आणायला लावतात, तेव्हा कॉफी बघूनच मला संशय आला. ते म्हणाले, वाईच्या मुलींना तमिळ येत नाही, त्यांना काय हवं-नको बघ, ताक नेऊन दे. मग हळूच, तुमची भाषा आहे, कान उघडे ठेव. हे बरोबर नाही, असं मी सांगितलं. ते हसले.

“कानाला कडी नसते, दिव्या. आत आलं ते आलं.”

हरिणी शेजारीच घोट्याला पट्टी गुंडाळत होती. तिनं वर पाहिलं नाही. मला तेच लागलं.

मी ठरवलं, जायचं, पण ऐकलेलं एक अक्षरही सांगायचं नाही. मग मला तुमचं बोलणं कळतं, हे तुम्हाला का नाही सांगितलं? लाजेनं, असं मी स्वतःला सांगते. ते पूर्ण खरं आहे का, याचीही मला खात्री नाही. तुम्ही माझ्यासमोर मोकळ्या बोलत होतात. भातावाचून इथे काही मिळत नाही का, ताक आहे की ताकाची आठवण आहे, चष्मेवाली शाळेतल्या बाईंसारखी बघते. मी मान खाली घालून वाढत राहिले, आणि खरं सांगू, मला ते ऐकायला आवडत होतं.

माट्टु पोंगल म्हणजे गुरांचा सण, त्या संध्याकाळी शिंगं रंगवलेल्या गायी रस्त्यावरून चालल्या होत्या. तुमच्या मुली बघायला धावल्या. तू आणि तुझी ती उंच मैत्रीण, दोघीच मागे राहिलात. तेव्हा तू तिला म्हणालीस, “उजव्या पायावर वळलं की गुडघ्यात कळ येते. कुणाला बोलू नकोस.” शब्द इतके सुटे, इतके सावकाश, की शाळेत शुद्धलेखन घालतात तसे. आणि तुझी नजर मैत्रिणीकडे नव्हती, माझ्या पळीवर होती. आपल्याच माणसाशी कुणी असं बोलतं का?

मास्तरांनी विचारलं. मी सांगितलं, भाताला कंटाळल्यात. एवढंच? एवढंच.

काणुम पोंगलला सगळं गाव घराबाहेर पडतं, त्या दिवशी ते सगळं आपल्या अंतिम सामन्याला मैदानावर होतं. गुण बरोबरीत, शेवटची चढाई तुझी. तू आत आलीस आणि वळलीस ती नेमकी उजव्या पायावर. हरिणीनं तुझा घोटा धरला. तुझी बोटं रेषेपलीकडे टेकली आणि मग तू “आई गं” म्हणालीस. ते आनंदाचं होतं की कळेचं, हे मी रोज नव्यानं ठरवते. पुढे बक्षीस घेताना समई तुझ्या हातात कलली, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, “जपून गे, जड आहे ती!” तू वळून बघितलंस. चकित झाली नाहीस. हसलीस. ऋतुजा, चकित का झाली नाहीस?

तुमची बस निघायच्या आत चोळपुरमभर झालं की दिव्या त्यांची. कुंभकोणमच्या बसमध्ये हरिणी माझ्यासाठी खिडकीची जागा रुमाल टाकून धरते. दुसऱ्या दिवशी तिथे तिची बॅग होती. वाणी मला तेल देताना म्हणाला, थोडं जास्त घ्या, समई तुमच्याच घरी गेली. अप्पा रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, “तीनशे वर्षांत आपण इथे पाहुणे नव्हतो. एका वाक्यात केलंस.” मग हरिणी आली आणि दारातच उभी राहून विचारलं, “तुला काही ठाऊक होतं का?” गुडघा खरंच दुखत असेल, तर मी एका मुलीचं दुखणं झाकलं. तू मुद्दाम ऐकवलं असशील, तर माझ्या गप्प राहण्यानं आम्ही सापळ्यातून वाचलो. दोन्हीकडून मी बरोबर ठरते. पण हरिणीच्या डोळ्यांत बघून हा हिशेब मांडता येत नाही.

म्हणून हे पत्र. लिहिलं तुला, पण वाचून दाखवायला होतं तिला. तोंडावर सांगायचा धीर नव्हता, मराठीत लिहिलेलं तमिळमध्ये वाचणं जमलं. आज दुपारी आमच्या ओट्यावर तिनं सगळं ऐकलं. गुडघ्याच्या ओळीला उठली, आत जाऊन पाणी प्यायली, पुन्हा येऊन बसली. शेवटी म्हणाली, लिही तिला, पुढच्या पोंगलला दोन्ही गुडघे घेऊन ये, मी सासरहून खेळायला येईन. मग कागदाकडे डोळे बारीक करून बघितलं. “सगळं वाचलंस ना? मला कागदावर जास्त दिसतंय.” तेव्हा जास्त काही नव्हतं. आता आहे. ती आईकडे कॉफीला आत गेली आहे, तेवढ्यात लिहिते. शेवटच्या चढाईत तिनं तुझा घोटा धरला, तेव्हा मी दोरी धरून श्वास रोखला होता, आणि एक क्षण मला तू सुटावंस असं वाटलं. मला. ही ओळ मी तिला वाचून दाखवलेली नाही. गुडघा खरोखर दुखत होता असं लिहिलंस, तर दाखवीन.

चोळपुरमचीच, आणि त्या एका क्षणापुरती तुझीच,
दिव्यश्री