आठव्या कलमातली रिकामी जागा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, व्यवसाय स्वतःच्या स्टुडिओत मातीची भांडी घडवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि डोळ्यांवर चष्मा असताना करत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. भीती मात्र आहे. भीती दबावात मोडते का, असं मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, कायद्यात तशी सोय नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मी मरेन असं मला खरंच वाटलं नव्हतं.

१. राहतं घर, तीन खोल्या व मागच्या अंगणासह, मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. मुलगा दुसऱ्या शहरात असतो आणि त्याला मातीचा तिटकारा आहे. लहानपणी त्याच्या वह्यांवरसुद्धा माझ्या बोटांचे ठसे असायचे. आपला हिस्सा विकायचा झाल्यास त्याने आधी बहिणीला विचारावं.

२. अंगणापलीकडचा स्टुडिओ, दोन चाकं, गॅसची भट्टी, सगळी हत्यारं आणि ग्लेझची वही मुलीला. ग्लेझ म्हणजे भांड्यावर चढणारी काचेची झिलई. माझ्या राखाडी-हिरव्या ग्लेझपायी मी बावीस वर्षं घालवली आणि जे काही नाव झालं ते तिच्यावरच. वहीच्या एकेचाळिसाव्या पानावरचं प्रमाण चोरांसाठी मुद्दाम चुकवलेलं आहे. खरं प्रमाण मुलीला तोंडपाठ आहे.

३. ज्या गॅलरीवाल्याने माझ्या पहिल्या प्रदर्शनात भांडी दारामागे मांडली आणि लोकांना "बाई छंद म्हणून करतात" असं सांगितलं, त्याला मी तडा गेलेला मोठा रांजण देते. दार अडवायला उपयोगी पडेल. वाहतूक त्याची त्याने करावी.

४. माझ्या बक्षीस मिळालेल्या वाडग्यात नणंदेने निवडुंग लावला आहे. वाडगा तिच्याकडेच राहू द्यावा. एकोणीस वर्षं मी त्यावरून धुसफुसले. आता निवडुंगाला घराबाहेर काढण्यात अर्थ नाही.

५. बँकेत जे असेल ते आधी औषधपाण्याला. कोणाच्या, ते सातव्या कलमात.

६. स्टुडिओतला लांब दांड्याचा झाडू कोणालाही देऊ नये. मोडून जाळावा.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला पहिले सहा महिने चाकाला हात लावता येत नसे. रोज संध्याकाळी फरशी झाडायची, कोरडी, कोपऱ्यांपर्यंत. ज्याला झाडता येत नाही त्याला घडवता येत नाही, असं मी म्हणायचे आणि लोक ते लिहून घ्यायचे. माझ्या लखलखीत फरशीचा फोटो एका मासिकात छापून आला होता. वाळलेल्या मातीत गारगोटीची बारीक पूड असते, झाडली की ती तासन्‌तास हवेत तरंगते आणि श्वासावाटे आत जाते, म्हणून फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची असते. हे मातीकामाच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात दिलेलं असतं. पहिली प्रकरणं मी कधी वाचली नाहीत. ती नवशिक्यांसाठी असतात असा माझा समज होता.

७. मला दमा नाही. घरी मी तसं सांगितलं, ते खोटं होतं. सहा महिन्यांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीशी धरला आणि पांढरे ठिपके दाखवले. सिलिकोसिस. आत बसलेली धूळ बाहेर निघत नाही. माझे किती दिवस उरले, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मी विचारलं, झाडणाऱ्याला जास्त होतं का?

ते म्हणाले, "झाडणाऱ्याला सगळ्यात जास्त."

माझ्या स्टुडिओत सगळ्यात जास्त झाडलं ते मुलीने. नवव्या वर्षापासून; आज ती चौतीस वर्षांची आहे. शाळेतून आली की मी आधी तिच्या हातात झाडू द्यायचे, खाऊ नंतर.

त्या दिवसापासून फरशी मी ओल्या फडक्याने पुसते. ती हसून म्हणाली, आईला म्हातारपणी नवं खूळ लागलं. ती भिंतीपलीकडे खोकली की मी हातातलं काम थांबवून ऐकत राहते. सर्दी आहे, असं ती म्हणते. मी मान डोलावते. शिकून गेलेल्या अकरा विद्यार्थ्यांना मी पत्रं लिहिली, एक्स-रे काढून घ्या, आणि मुलीला यातलं काही कळवू नका. अकरा पत्रं एका बैठकीत लिहून झाली. शेजारच्या खोलीत जाऊन एक वाक्य बोलणं जमलं नाही. ती घाबरेल म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण हे की, ऐकल्यावर ती माझ्याकडे बघेल. सबब माझ्या मृत्यूनंतर आठवड्याच्या आत मुलीने छातीचा एक्स-रे काढावा; पाचव्या कलमातला पैसा तिच्याच औषधपाण्याला.

८. वकिलांच्या नमुन्यात यापुढे एक ओळ छापलेली आहे: "सदर मुलगी माझ्या आधी मयत झाल्यास स्टुडिओ ........ यास मिळावा." वकील म्हणाले, ही रीतच आहे, कोणीही भाच्या-पुतण्याचं नाव घालतं, दोन मिनिटांचं काम. माझ्याच्याने नाव घालवेना. तीन आठवडे ती जागा रिकामी राहिली.

आज वकील आणि दोन्ही साक्षीदार येऊन बसले, तरी रिकामीच होती. साक्षीदार म्हणून आलेल्या माझ्या छातीच्या डॉक्टरांनी सातवं कलम वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही गेल्यावर उघडणार. तोवर ती काय करेल?" मग मी मुलीला चाकावरून बोलावलं आणि पान तिच्या हातात दिलं. तिने उभ्यानेच वाचलं. कोपरांपर्यंतची माती धुतली, आत गेली आणि एक मोठं पाकीट आणून टेबलावर ठेवलं. त्यावर दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती. माझं पत्र मिळालेल्या एका विद्यार्थिनीने तिला फोन केला होता.

ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं, तर तू माझं चाक बंद केलं असतंस."

डॉक्टरांनी पाकिटातला तिचा एक्स-रेही खिडकीशी धरला. ठिपके माझ्याहून कमी आहेत. पण आहेत. धूळ आता थांबली तर ते आहेत तिथेच राहतील, किंवा तरीही वाढतील. दर सहा महिन्यांनी बघावं लागेल. दुपारपर्यंत माझ्याकडे नुसता संशय होता. आता कागद आहे, आणि इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

मी वकिलांना सांगितलं, दुसरं कलम खोडा, स्टुडिओ विकून टाका. मुलीने कागदावर ओला हात ठेवला. ते कलम राहील, असं ती म्हणाली; फरशी ती स्वतः ओली ठेवील आणि झाडू आजच जाळील. मी तिला झाडायला लावलं तेव्हा ती मला नाही म्हणू शकली नव्हती. आज मी तिला नाही म्हणू शकले नाही. कागदावर तिच्या हाताचा डाग पडला आहे, तो खाडाखोड समजू नये.

वकिलांनी विचारलं, मग रिकाम्या जागेत काय लिहू?

मुलगी म्हणाली, "लिहा, तसं झालंच तर आईने दुसरं मृत्युपत्र करावं."

तिच्या सांगण्यावरून तसं लिहिलं आहे. ते दुसरं मृत्युपत्र करायला मी उरू नये, एवढीच माझी शेवटची इच्छा आहे.

सही : लिहून ठेवणारी, आई

आमच्यासमोर सही झाली, मन ठाम होतं :
साक्षीदार पहिला : छातीचे डॉक्टर
साक्षीदार दुसरा : शेजारचे सुतार, भांडी ठेवायच्या फळ्या करून देणारे
(मुलीला हिस्सा मिळत असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही.)

ठिकाण : स्टुडिओ, खिडकीजवळचं टेबल
तारीख : अकरा मार्च, दुपारी साडेचार